पडद्यावरचे अडतीस लाख

समजा, तुमच्याकडे १०२४ अनोळखी लोकांचे मोबाइल नंबर आहेत. सोमवारी त्यांतल्या ५१२ जणांना कळवा की अमुक शेअर या आठवड्यात वर जाणार. उरलेल्या ५१२ जणांना कळवा, खाली जाणार. शुक्रवारी शेअर कुठेही जावो, निम्म्यांच्या लेखी तुमचा अंदाज खरा ठरला. बाकीच्यांना विसरा आणि या निम्म्यांचे पुन्हा दोन भाग पाडा. पाच आठवड्यांनी ३२ माणसं उरतील आणि तुमचे पाचच्या पाच अंदाज बरोबर आलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतील. दहाव्या आठवड्याअखेर एकच उरेल. तो तुम्हाला देव मानेल.

आणि तुम्हाला बाजारातलं ओ की ठो कळत नाही!

ही युक्ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो होतो. त्या ३२ जणांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. बाकीच्या ९९२ जणांशी त्यांची गाठ पडत नाही, एवढंच. व्हॉट्सॲपच्या एका गटातही जास्तीत जास्त १०२४ सदस्य मावतात, हा निव्वळ योगायोग. पण आजच्या फसव्या टोळ्यांना एवढा खटाटोपही करावा लागत नाही. ज्या गटात तुम्हाला न विचारता घेतलेलं असतं, तिथे ‘सर, आज बावीस हजार सुटले!’ म्हणून हात जोडणारे बहुतेक जण टोळीचेच असतात.

हे ‘सर’ रोज फक्त एक टक्का नफ्याचं आश्वासन देतात. एक टक्का म्हणजे किती किरकोळ! नफा पुन्हा गुंतवत राहिलं, तर लाखाचे वर्षाअखेर जवळजवळ ३८ लाख होतात. दुसऱ्या वर्षाअखेर १४ कोटींच्या वर. पाचव्या वर्षाअखेर सुमारे ७ लाख ७० हजार कोटी, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या २०२५-२६च्या अख्ख्या अर्थसंकल्पाहूनही जास्त. एका लाखातून! आपल्या भाषेत ‘लाखाचे बारा हजार’ करणारे आहेत, बारा हजारांचे लाख करणारे नाहीत. भाषेला अनुभव असतो.

असंच एक गणित १९२० साली बोस्टनमध्ये कामी आलं. चार्ल्स पोंझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देत होता. परदेशात स्वस्तात मिळणारी टपाल-उत्तराची आंतरराष्ट्रीय कुपनं अमेरिकेत महागात वटवतो, असं तो सांगे. कल्पना कागदावर बरोबर होती. लोकांना पैसेही वेळेवर मिळत होते, फक्त ते मागून येणाऱ्यांच्या खिशातले होते. क्लॅरेन्स बॅरन या अर्थपत्रकाराने साधा हिशेब मांडला: एवढ्या पैशासाठी सुमारे १६ कोटी कुपनं लागतील; जगात चलनात आहेत जेमतेम २७ हजार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोंझीला अटक झाली.

पोंझीला निदान कुपनांची गोष्ट रचावी लागली. आता एक ॲप पुरतं. त्यावरचा हिरवा आलेख, वाढती शिल्लक, ‘तुम्हाला आयपीओ लागला’ हा निरोप, सगळं चित्र आहे. बाजाराशी त्याची तार कुठेच जोडलेली नाही. सुरुवातीला दोन-पाच हजार काढू देतात, ते गळाला लावलेलं गांडूळ. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी ‘कर’ भरायला सांगतात. खऱ्या बाजारात नफ्यावरचा कर तुम्ही सरकारला भरता. स्वतःचेच पैसे काढायला आणखी पैसे भरा, असं कोणताही नोंदणीकृत दलाल म्हणत नाही.

मग खरा शेअर असतो कुठे? मला याचंच जास्त नवल वाटतं. तो दलालाच्या ॲपमध्ये नसतोच. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या मुंबईतल्या दोन डिपॉझिटऱ्यांच्या नोंदवहीत तो तुमच्या नावावर असतो. दलालाचं दुकान उद्या बंद पडलं तरी तिथेच राहतो. आयपीओचा अर्ज केला तर पैसे तुमच्याच खात्यात नुसते अडवले जातात, शेअर लागला तरच कापले जातात. म्हणून ‘आयपीओसाठी या खात्यात पैसे टाका’ आणि ते खातं कुण्या भलत्याच ट्रेडर्सचं, एवढ्यावरच ओळखावं. ऑक्टोबर २०२५पासून नोंदणीकृत दलालांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते आले आहेत, आणि पैसे पाठवण्याआधी पत्ता किंवा खातं सेबी या बाजार-नियामकाच्या ‘सेबी चेक’वर तपासता येतं.

पैसे गेलेच, तर ते भाड्याच्या खात्यांतून भराभर पुढे सरकवले जातात. तेव्हा लाजेपायी दोन दिवस घरात गप्प बसू नका, तडक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा. बँकेला मधल्या खात्यांतली रक्कम गोठवता येते ती लवकर कळलं तरच.

आणि हे सगळं घडण्याआधी एक करा. डीमॅट खातं असेल तर डिपॉझिटरीचं एकत्रित विवरणपत्र तुमच्या ई-मेलवर येतं, बहुतेकांनी ते उघडलेलंही नसतं. आज उघडा. विवरणपत्राच्या तारखेआधी घेतलेला, ॲपमध्ये दिसणारा शेअर त्यात नसेल, तर तो तुमच्याकडे नाही.