बिल्टअप छत्तीस, कार्पेट सत्तावीस

२०२३ च्या एप्रिलअखेर फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरात दोन जुन्या शिडाच्या बोटी पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून परतल्या. आधी आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, ‘मिनेहाहा’ घेऊन. तिच्यामागून साधारण ३१ तासांनी ‘बायानात’ घेऊन पोचले आपल्या नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी. गोल्डन ग्लोब शर्यतीचे हे पहिले दोन क्रमांक. एकट्याने, कुठेही न थांबता, जीपीएसविना, सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर सुमारे ३०,००० सागरी मैल.

बातम्या अर्थातच माणसांच्या झाल्या. बोटींकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पण सेकंडहँड बोट घ्यायची म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे कळायला या जोडीइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. शर्यतीच्या नियमानुसार बोट ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, तळाशी नाळेपासून मागेपर्यंत सलग कील असलेली आणि सुकाणू त्या कीललाच जोडलेलं अशीच हवी. टॉमींची बोट रस्लर ३६, इंग्लंडच्या फालमथची. कर्स्टनची केप जॉर्ज ३६, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात घडलेली. दोन्हींच्या नावात ३६ आहे, आणि फसगत तिथेच सुरू होते.

फ्लॅट घेताना आपण बिल्टअप एरिया ऐकून घेतो आणि कार्पेट विचारतो, तसं बोटीच्या बाबतीत पाण्याला टेकलेली लांबी विचारावी. रस्लरची ही लांबी जेमतेम २७ फूट, कारण तिची दोन्ही टोकं पाण्यावर तिरकी पुढे आलेली आहेत. केप जॉर्जची टोकं जवळजवळ सरळ उभी, त्यामुळे तिची साडेएकतीस फूट. चालताना बोट स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांबत जाते आणि शेवटी बोट तिच्या दोन माथ्यांमध्ये अडकते. त्यापुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं, आणि तेवढा जोर जड बोटीच्या शिडात नसतो. ही वेगमर्यादा पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर ठरते: रस्लरला सुमारे ७ नॉट, केप जॉर्जला साडेसात.

अर्धा नॉट म्हणजे दिवसाला १२ मैल. आठ महिन्यांत त्याचे तीन हजार मैलांच्या आसपास व्हायला हवे होते. झाला फरक ३१ तासांचा! त्यातही कर्स्टनने वाटेत बोट बुडालेल्या सहस्पर्धक तापिओ लेहतिनेनना वाचवलं होतं. रात्रभर हाताने सुकाणू धरून ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांना ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या हवाली केलं. त्याबद्दल भरपाई म्हणून मिळालेले ३५ तास धरले, तरी अंतर पावणेतीन दिवसांच्या वर जात नाही.

मग गणित चुकलं कुठे? चुकलं नाही, ते रोज लागू झालं नाही. दोन्ही बोटींचा सरासरी वेग पाच नॉटच्या थोडा वरच होता. कमाल वेग गाठायला जोरकस वारा लागतो, आणि तो दक्षिण महासागरात मिळतो. विषुववृत्ताजवळच्या पडलेल्या वाऱ्यात साडेएकतीस फुटांचा काही उपयोग नाही. शिवाय रस्लर वाऱ्याने कलली, की तिच्या तिरक्या टोकांचा काही भाग पाण्यात उतरतो आणि लांबी थोडी वाढते. वजनाचं सांगायचं तर रस्लर साडेसात टनांच्या आसपास, केप जॉर्ज साडेदहाच्या. जड बोट लाटांत कमी आपटते आणि आठ महिन्यांचा शिधा भरला तरी फारशी खाली बसत नाही. पण तिला हलवायला शीडही मोठं लागतं, आणि मध्यरात्री ते आवरायला हात दोनच.

२०१८ च्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रस्लरनेच पटकावले होते, म्हणून टॉमींची निवड बिनधोक म्हणायची. त्या वर्षी ते स्वतः गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’वर होते आणि वादळात डोलकाठ्या गमावून पाठीचे मणके मोडून बसले होते. ‘तुरिया’ ही मुंबईत सागवानात बांधलेल्या, मूळ गोल्डन ग्लोब शर्यतीचे विजेते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती. ‘सुहेली’चं मूळ विल्यम ॲटकिन या अमेरिकी आराखडाकाराच्या रेखाटनात, आणि गंमत म्हणजे केप जॉर्जचं मूळही त्याच्याच एका रेखाटनात. टॉमी ज्या घराण्यातून बाहेर पडले, त्यातल्याच थोरल्या बहिणीने त्यांना मागे टाकलं.

विकत घेणाऱ्याने मात्र घराण्यावर भुलू नये. केप जॉर्जचे अनेक सांगाडे नुसते विकले गेले आणि आतलं काम मालकांनी आपापल्या अंगणात केलं. त्यामुळे एक केप जॉर्ज पाहिली म्हणजे दुसरी कळली असं होत नाही. पहिल्या मालकाच्या सुतारकामाचा हात पाहावा लागतो. दोन्हीकडे तपासणी सारखीच. सर्व्हेअर छोटा हातोडा घेऊन डेकवर वीतभर अंतराने टकटक करत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, तर आतल्या थरात पाणी मुरलेलं. बहुधा हे सापडतं एखाद्या बोल्टभोवती, जिथे कुणीतरी वीस वर्षांपूर्वी भोक पाडून सील लावायचा कंटाळा केलेला असतो. मग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा. स्टीलच्या तारेचा एक पीळ तुटलेला दिसला, तरी सगळ्या बदलायच्या. २०१८ च्या विजेत्याच्या बोटीवर अशा तारांचा डोलकाठीवरचा जोडच ढिला झाला होता आणि त्याला समुद्रातच वर चढून तो सावरावा लागला. कर्स्टनने जुनी ‘मिनेहाहा’ कॅनडात घेतली, तेव्हा शर्यतीआधी तिथल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर ती जवळजवळ नव्याने उभी केली. बोटीच्या किमतीबरोबर हा खर्चही आधीच धरलेला बरा.

मला दोन्ही समोर ठेवून निवडायला सांगितलं, तर दक्षिण महासागरासाठी मी केप जॉर्ज घेईन. नवरा-बायकोने किनाऱ्याकिनाऱ्याने, आठ-दहा दिवसांच्या टप्प्यांनी फिरायचं असेल तर रस्लर: आवरायला सोपी आणि लाकूडकाम कमी. शिवाय मरिनावाले भाडं फुटावर घेतात, आणि केप जॉर्जच्या नाळेवरून पुढे निघालेला लांब दांडाही बहुतेक ठिकाणी मोजतात.