मोटारीचे ब्रेक : दोष कसा ओळखावा?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसले आहे, आणि गोव्याशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांना घाट उतरल्यावाचून गत्यंतर नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेने जी मोटार मालकाला पेढीच्या कामासाठी नेते, तीच लग्नसराईत मुलाबाळांना घेऊन उतरते. अशा वेळी ज्याच्या भरवशावर आपण निर्धास्त बसतो, त्या ब्रेकविषयीचे आपले ज्ञान मात्र ‘लागतो’ आणि ‘लागत नाही’ एवढ्यावरच संपते. मिस्त्रीलाही आपण तेवढेच सांगतो. वस्तुतः ब्रेक बहुधा पूर्वसूचना देऊनच बिघडतो, आणि ती सूचना प्रथम कळते ती चालवणाऱ्याच्या पायाला. म्हणून त्या सूचनांचा अर्थ येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्रेकची रचना समजण्यास कठीण नाही. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत दाब पोचविते. तेथे पॅड डिस्कला आवळतात किंवा शू ड्रमला आतून घासतात, आणि गाडीच्या गतीची उष्णता होऊन गाडी थांबते. पायाच्या जोराला बूस्टरचे साहाय्य असते. इंजिन चालू असेपर्यंत ते मिळत राहते. तेव्हा दोष पाहावयाचा तो पायाचा जोर वाढण्यात, दाब पोचण्यात, घर्षणात किंवा पाय काढल्यावर ब्रेक सुटण्यात.

सर्वांत अधिक माहिती पेडल देते. ते स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे असे बहुधा समजावे. पेडल फार खाली जाते, पण दोनतीनदा दाबल्यावर वर येते, असे असल्यास हवेबरोबरच मागच्या ड्रममधील शूचे अंतर वाढले आहे काय, हेही तपासावे. एकसारखा दाब ठेवला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी सील निकामी झाले आहे. अशी गाडी पुढे नेऊ नये. याउलट पेडल दगडासारखे कठीण लागले, तर बूस्टरची परीक्षा घ्यावी. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावे, मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही तर दोष तेथे आहे.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली गेली, तर आधी टायरमधील हवा पाहावी. ती बरोबर असल्यास, ज्या बाजूला गाडी जाते त्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो. अर्थात दोष पुष्कळदा विरुद्ध बाजूच्या चाकात, अडकलेल्या पिस्टनमध्ये किंवा ऑइल लागलेल्या पॅडमध्ये असतो. पेडल व स्टिअरिंग थरथरू लागले, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही. मात्र एबीएस असलेल्या गाडीत एकदम जोराने ब्रेक दाबला असता पेडलला जे धक्के बसतात, तो दोष नव्हे. पाय काढू नये.

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकांना येणारा खरखराट गंजाचा असतो व तो आपोआप जातो. नित्याची बारीक किंकाळी मात्र पुष्कळदा पॅड झिजल्याची वर्दी असते. कित्येक पॅडना त्यासाठीच पत्र्याची लहान पट्टी लावलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर पॅड संपून डिस्क खाल्ली जात आहे असे जाणावे. थोडा वेळ चालवून आल्यावर एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळले, तर तेथला ब्रेक सुटत नाही. हे हात न लावता, नुसता जवळ नेऊन पाहावे.

ऑइलची पातळी हा एक वेगळाच हिशेब आहे. पॅड झिजतात तशी ती मंदपणे उतरते. पण एकाएकी उतरली, तर नुसते ऑइल ओतणे म्हणजे रोकड कमी भरली असता चूक न शोधता खिशातून भर घालण्यासारखे आहे. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, ते बदलावे.

घाटात याचे महत्त्व कळते. गाडी 600 मीटर खाली उतरते तेव्हा, हवा व रस्ता यांचा अवरोध वजा न करता, ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सुमारे चाळीस वेळा थांबविण्याइतकी ऊर्जा जिरवावी लागते. उतारावर खालचा गिअर ठेवल्यास तिचा बराच भार इंजिन उचलते. न ठेवल्यास सर्व भार ब्रेकवर पडतो. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल व जळका वास येत असेल, तर पॅड तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ऑइल उकळले आहे. दोन्ही प्रसंगी गाडी सुरक्षित जागी थांबवून निवू द्यावी. पाणी ओतू नये. चालत्या गाडीत पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दाबावे, गिअर क्रमाने उतरवावा, हातब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये.

येथेच खरा धोका आहे. गाडी निवली की ब्रेक पूर्ववत लागतो. पायथ्याच्या मिस्त्रीने पाहिले तर त्याला कदाचित काहीच आढळणार नाही, आणि आपण ‘ठीक आहे’ म्हणून पुढे निघतो. यासाठी त्याला केवळ तक्रार सांगू नये, हकीकत सांगावी : गाडी गरम होती की थंड, चढ होता की उतार, पेडल मऊ होते की कठीण, आवाज कोणत्या चाकाकडून आला, ऑइल शेवटी केव्हा बदलले. गाडी पगारी ड्रायव्हर चालवीत असेल, तर त्याला हे विचारण्याची सवय मालकाने ठेवावी, आणि त्याने दोष सांगितल्यास खर्चाच्या धाकाने त्याला गप्प बसवू नये. पॅडच्या जोडीची किंमत ठाऊक असते व ती हिशेबात मांडता येते. दुसऱ्या खर्चाला खतावणीत खाते नाही.