२२ अक्षरे आणि ९० लाख संशयित

दर सेकंदाला एक अक्षर, झोप-जेवण सोडून, अखंड. या वेगाने माणसाच्या जीनोमची एक प्रत वाचायला बसलात, तर ३०० कोटी अक्षरे संपायला ९५ वर्षे लागतील. संयुक्त अरब अमिरातीने तर आपल्या १० लाख नागरिकांचे जीनोम वाचायचा घाट घातला आहे. सगळी मिळून अक्षरे होतात ३ वर १५ शून्ये. आपल्या वेगाने साडेनऊ कोटी वर्षे! म्हणजे वाचायला डायनासोरांच्या काळातच बसायला हवे होते.

आता मायक्रोआरएनए घ्या. साधारण २२ अक्षरे, २२ सेकंदांत वाचून मोकळे. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत तो शोधला. नोबेल मिळायला २०२४ उजाडले. हा चिमुकला रेणू स्वतः प्रथिन बनवत नाही, दुसऱ्यांना बनवू देत नाही. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला तो चिकटतो आणि निरोप तिथेच अडतो. चिकटायला २२ही अक्षरे जुळावी लागत नाहीत, सुरुवातीची सातेक पुरतात. चार अक्षरांतून सात-अक्षरी जुळण्या होतात १६,३८४. त्यामुळे तीच जुळणी ठिकठिकाणी सापडते आणि एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर हुकूम चालवतो.

विषाणूंनी ही युक्ती केव्हाच उचलली आहे. एप्स्टाइन-बार विषाणूचा जीनोम सुमारे १,७२,००० अक्षरांचा, दोन दिवसांत वाचून होणारा. तेवढ्यातही त्याने स्वतःचे चाळीसहून अधिक मायक्रोआरएनए बसवले आहेत. कापोसी सार्कोमाचा विषाणू तर त्याहून बिलंदर. त्याच्या एका मायक्रोआरएनएची सुरुवात माणसाच्या मायआर-१५५ या मायक्रोआरएनएशी तंतोतंत जुळते, आणि मायआर-१५५ वाढला की लिम्फोमा या कर्करोगाला खतपाणी मिळते.

मग मेंदूतल्या गाठींचे काय? ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत घातक गाठीत मायआर-२१ भरमसाट वाढलेला असतो, हे २००५ साली दिसले. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स कॉब्स यांच्या गटाने अशाच गाठींत सायटोमेगॅलोव्हायरस सापडल्याचे जाहीर केले होते. विषाणू आला, मायक्रोआरएनए बिघडले, गाठ झाली: गोष्ट कशी चपखल बसते! पण पुढे काही प्रयोगशाळांना तो विषाणू मिळाला, काहींना मुळीच नाही. याचे एक कारण विषाणूच्या तुकड्याच्या प्रती काढून तो शोधणाऱ्या पीसीआर तंत्राच्या गणितात आहे. दर फेरीला दुप्पट, अशा ४० फेऱ्यांत एका तुकड्याच्या होतात १.१ लाख कोटी प्रती. तो तुकडा गाठीतला होता की टेबलावरून उडालेला, हे प्रती सांगत नाहीत. करोनाकाळात कोटीभर वस्तीच्या अमिरातीत सुमारे २० कोटी चाचण्या झाल्या. या तंत्राची ताकद तिथे वेगळी सांगायला नको. ताकद तीच, धोकाही तोच.

आणि विषाणू खरोखर गाठीत असला तरी? अमिराती ज्यात मोडते त्या पूर्व भूमध्य विभागात सायटोमेगॅलोव्हायरसची लागण अंदाजे ९० टक्के लोकांना होऊन गेलेली असते. कोटीच्या वस्तीत हे झाले ९० लाख संशयित. ग्लायोब्लास्टोमाचा अमेरिकेतला दर वर्षाला लाखामागे तीनच्या आसपास. तोच इथे लावला तर वर्षाला ३०० रुग्ण. वस्ती तरुण असल्याने प्रत्यक्षात कमीच. विषाणूचा काडीचा दोष नसला, तरी त्या ३०० पैकी २७० जणांना त्याची लागण होऊन गेलेली असणारच.

म्हणून गुन्हा शाबीत करायला वेगळा पुरावा लागतो. एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या मेंदूच्या लिम्फोमात तो मिळाला. एप्स्टाइन-बार नुसता त्या रुग्णांत नव्हता, जवळपास प्रत्येक गाठीत थेट कर्कपेशींच्या आतच ठाण मांडून होता. ग्लायोब्लास्टोमात असे ठाम चित्र अजून उभे राहिलेले नाही.

साडेनऊ कोटी वर्षांचे ते वाचनही इथे अपुरे पडते. रक्तातून वाचलेला जीनोम माणूस जन्माला काय घेऊन आला ते सांगतो. मायक्रोआरएनए मात्र पेशीगणिक बदलतात, त्यासाठी गाठीचाच तुकडा तपासावा लागतो. तेव्हा ‘९० टक्के रुग्णांत विषाणू सापडला’ असा मथळा दिसला, की आधी तुलना मागावी: निरोगी माणसांत तो किती जणांत सापडला? उत्तर ९० टक्केच असेल, तर त्या मथळ्यात बातमी नाही.