पाळणाघर निवडताना (६) : ताई कधीपासून आहेत?

आज डब्याबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण एका वाचक भगिनींनी विचारलेल्या प्रश्नापुढे डबा आठवडाभर थांबायला हरकत नाही. त्यांनी दोन पाळणाघरं पाहून ठेवली आहेत. एकात खोलीखोलीत कॅमेरे आहेत आणि मूल दिवसभर मोबाइलवर दिसत राहतं. दुसऱ्यात कॅमेरा नाही, भिंतींचा रंगही उडालाय, पण तिथल्या दोन्ही ताई कैक वर्षांपासून त्याच आहेत. कुठे घालावं? बाकीच्या गोष्टी बऱ्यापैकी सारख्या असतील, तर माझा कौल दुसऱ्याला.

दीड वर्षाचं मूल भरवताना तोंड फिरवतं, तेव्हा नव्या बाईला एवढंच कळतं की ते जेवत नाही. त्याला चार महिने भरवलेल्या ताईला मात्र ठाऊक असतं, की कान चोळत तोंड फिरवलं तर झोप आलीय, ओठ घट्ट मिटले तर भात गरम लागलाय, आणि मान शेजारी वळली तर डोळा दुसऱ्याच्या ताटातल्या पोळीवर आहे. कॅमेऱ्यात तिन्ही वेळा एकच चित्र दिसणार. बोलता न येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खुणा निराळ्या असतात आणि त्या ओळखीच्या व्हायला सहवास लागतो. ताई सोडून गेली की ती ओळखही तिच्याबरोबर जाते, आणि मुलाला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या, हजाराहून अधिक मुलांना जन्मापासून पुढे वर्षानुवर्षं पाहत गेलेल्या मोठ्या सरकारी अभ्यासाने एक धास्ती बरीच कमी केली : मूल पाळणाघरात राहतं एवढ्यानेच त्याचं आईशी नातं कच्चं राहत नाही. मात्र सांभाळणारं माणूस मुलाच्या खुणांना किती प्रतिसाद देतं, त्याच्याशी किती बोलतं, याचा संबंध मुलाच्या भाषेशी आणि समजेशी दिसला. घराचा वाटा त्याहून मोठा निघाला, हेही सांगायला हवं.

आता ताई टिकतात कशाने? १९८८ मध्ये अमेरिकेतल्याच पाच शहरांतल्या २२७ केंद्रांची पाहणी झाली. वर्षभरात सरासरी ४१ टक्के कर्मचारी काम सोडून जात होते. जिथे ये-जा जास्त, तिथली मुलं भाषेत आणि इतरांशी मिसळण्यात मागे होती. केंद्राचा दर्जा सांगणाऱ्या कामाच्या अटींमध्ये सगळ्यात वजनदार ठरला तो पगार. आकडे तिकडचे आणि जुने आहेत, ते जसेच्या तसे पुण्या-ठाण्याला लावू नयेत. पण कारण इकडेही तेच आहे. दोन गल्ल्या पलीकडे स्वयंपाकाची कामं धरून जास्त पैसे मिळत असतील, तर दिवसभर दहा मुलांमागे धावणारी बाई का थांबेल? गुळगुळीत माहितीपत्रकात फरशी, खेळणी, कॅमेरे सगळं असतं. ताईंचा पगार कुणी छापत नाही.

तो तोंडावर विचारणं आपल्याकडे बरं दिसत नाही, खरं आहे. मग आडून विचारा : गेल्या दिवाळीनंतर किती जणी सोडून गेल्या? माझ्या मुलाच्या गटाला ठरलेली एकच ताई असेल, की रोज जी मोकळी असेल ती? ‘आमच्याकडे सगळ्याच सगळ्यांचं बघतात’ हे उत्तर कौतुकाने दिलं जातं. ते ऐकून मी सावध होईन. आणि सकाळी नाही, संध्याकाळी साडेपाचला जाऊन बघा. सगळे दमलेले असतात, तेव्हा रडणारं मूल कुणाकडे धावतं ते पाहा.

कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील, मारहाणीच्या बातम्या काय खोट्या आहेत? नाहीत, आणि कॅमेऱ्याचा धाक उपयोगी पडतो हे मला मान्य आहे. पण धाकाने वाईट वागणं आवरतं, माया उपजत नाही. देखरेखच हवी तर अचानक जाता येणं जास्त कामाचं. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली, तेव्हा आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही दिली गेली. जे खासगी पाळणाघर ‘फोन करूनच या’ म्हणतं, तिथले कॅमेरे मला तरी दिलासा देणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुनी ताई म्हणजे चांगलीच ताई असं थोडंच? नाहीच. वर्षानुवर्षं मुलांना दटावत बसलेली बाईही टिकते. शिवाय एका ताईकडे पंधरा तान्ही असतील तर तिची माया तरी किती जणांना पुरणार? म्हणून टिकणं ही पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे. सोसायटीत घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या काकू या चाळणीत सहज वर राहतात, कारण त्या कुठे जाणारच नसतात. पण त्यांना ताप आला तर? शेजारच्या कुणालातरी ऐनवेळी बोलावतात, की मुलांच्या ओळखीची एखादी बाई आधीपासून येत-जात असते? वाचक भगिनींनी दुसऱ्या पाळणाघरातही हेच विचारावं, आणि ती बदली बाई नाव घालायच्या आधी एकदा स्वतः भेटून बघावी.