जीव वाचला, आता कान पाहा

बारामती-इंदापूरच्या शिवारात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. मधल्या काळात एखादे मूल कोपीतच अपुऱ्या दिवसांचे जन्मते, रक्तात जंतुदोष होतो आणि त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. तेथे बहुधा जेंटामायसिन किंवा अमिकासिन देतात. मूल वाचते. या औषधांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांचा एक हिशेब मागाहून पाहावयाचा असतो.

या औषधांचे मूळ म्हणजे १९४३ साली अमेरिकेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन. त्याने क्षयरोगी वाचले, पण काहींना बहिरेपणा आला. कारण असे : अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सूक्ष्म केसपेशी असतात, ध्वनीची कंपने त्या मज्जातंतूंना कळवितात. औषध त्यांत शिरून त्यांना मारू शकते आणि मेलेल्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. आधी बहुधा उंच स्वर जातात. म्हणून भांडे पडले की मूल वळते, आईबाप निश्चिंत होतात. पण 'स', 'श' त्याला नीट ऐकू येत नाहीत आणि बोलणे मागे पडते.

हे सर्वांनाच होते काय? नाही. काहींत आईकडून आलेला एक आनुवंशिक दोष असतो. तो १९९३ साली उमगला. अशांना थोडे औषधही बाधते. शिवाय अपुरे दिवस, तीव्र कावीळ हीही कारणे असतात. तेव्हा सारा दोष सुईवर टाकणे न्यायाचे नव्हे.

उपाय साधा आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र वा अन्य उपचार. अतिदक्षता विभागातल्या मुलाची मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजणारी चाचणी व्हावी. नुसती कानातला पडसाद टिपणारी पुरत नाही. पाच दिवसांहून अधिक औषध दिले असेल, तर पहिली चाचणी चांगली आली तरी नवव्या महिन्यापर्यंत पुन्हा तपासावे.

खरी अडचण येथेच आहे. नोव्हेंबरात जन्मलेले मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हा ऑगस्ट असतो. बिऱ्हाड केव्हाच गावी गेलेले असते. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात. परंतु या मुलाला कोणते औषध दिले, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून घरी सोडताना औषधाचे नाव, दिवस आणि पुढील तपासणीची तारीख मराठीत लिहून मागा. कामगार चळवळीत आम्ही मजुरीची पावती मागावयास शिकलो. ही पावती त्याहून मोलाची आहे.