इंग्रजीतून हरवलेला ‘परवा’

इंग्रजीची शब्दश्रीमंती वादातीत आहे. तरीही आपल्या ‘परवा’ या साध्या शब्दासाठी तिला ‘डे आफ्टर टुमॉरो’ अशी जुळवाजुळव करावी लागते. पूर्वी मात्र तसे नव्हते. ‘ओव्हरमॉरो’ हे सुटसुटीत क्रियाविशेषण तिच्यापाशी होते. मायल्स कव्हरडेल यांच्या १५३५ सालच्या बायबल-भाषांतरात ते आढळते. ‘मॉरो’ म्हणजे मुळात सकाळ आणि ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडे. उद्याच्या सकाळीपलीकडची ती सकाळ. पुढे हा शब्द वापरातून गेला. जर्मन भाषेतील त्याचा सख्खा भाऊ ‘यूबरमॉर्गन’ मात्र आजही ठणठणीत आहे.

सकाळीवरून दिवस मोजण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. ‘काल’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘कल्य’ म्हणजे पहाटच आहे. ‘परवा’चे नाते ‘परश्वः’शी. संस्कृतात तो केवळ येणारा दिवस होता. मराठीत तो मागचाही झाला! ‘परवा पैसे भरले’ आणि ‘परवा पैसे भरतो’ यांतील भेद क्रियापदावरूनच कळतो. कन्नडने ही संदिग्धता ठेवलेली नाही. गेलेला तो ‘मोन्ने’, येणारा तो ‘नाडिद्दु’. सर्जापूर रोडसारख्या भागात, जिथे एकाच रांगेत कन्नड, मराठी, हिंदी आणि तेलुगू भाषक उभे असतात, तिथे काउंटरवर ‘परवा’ म्हणण्याऐवजी तारीख सांगणे श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

या परिसरात माहिती-तंत्रज्ञान कंपन्या पुष्कळ. विप्रोचे मुख्यालयही याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्लीला आहे. साहजिकच परकीय चलनाचा विषय येथे घरोघरी निघतो. चलनबाजाराने आपला ‘परवा’ निराळ्या नावाने जपला आहे. त्याच दिवशी पुरा होणारा सौदा तो ‘कॅश’, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होणारा ‘टॉम’ (हा ‘टुमॉरो’चाच संक्षेप) आणि त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशीचा तो ‘स्पॉट’. ‘स्पॉट’ म्हणजे जागच्या जागी, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात डॉलर-रुपयाच्या सौद्यात तो ‘ओव्हरमॉरो’च असतो.

मात्र हा ‘परवा’ सुट्ट्या मोजत नाही. सोमवारचा स्पॉट सौदा बुधवारी पुरा होतो, तर शुक्रवारचा मंगळवारी. मुलांच्या परदेशी शिक्षणाचे शुल्क भरण्याची अखेरची तारीख सोमवार असेल, तर हे अंतर महागात पडू शकते. म्हणून विनिमय-दर ठरविताना तो कोणत्या तारखेचा आहे आणि रक्कम पलीकडे केव्हा जमा होईल, हे दोन्ही प्रश्न ग्राहकांनी शाखेत आवर्जून विचारावेत.