राक्षसी भोपळ्याचा आकार: बी घेताना फळापेक्षा आई-बाप बघा

हजार किलोच्या पुढे गेलेल्या भोपळ्याचे फोटो मोबाईलवर फिरू लागले की विचारणा येते, "याचे बी कुठे मिळेल?" बी मिळते. पण त्यातून फोटोतलाच आकार येईल या भरवशावर पैसे घालू नका.

स्पर्धेतले बहुतेक राक्षसी भोपळे 'डिल्स अटलांटिक जायंट' या वाणाच्या वंशातले आहेत. कॅनडातील नोव्हा स्कॉशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी तो निवड पद्धतीने तयार केला. वंश एकच, तरी कोणते फळ चाकासारखे बसके, कोणते उंच, कोणते लांबट.

फळाची साल आणि गर मादी फुलाच्या अंडाशयापासून, म्हणजे आईवेलाच्या पेशींपासून बनतात. पराग कोणत्याही वेलाचा असो, यंदाच्या फळाला आईच्याच वळणाचा आकार येतो. बापाचा वाटा आतल्या बियांत असतो आणि तो पुढच्या हंगामात दिसतो. शिवाय एका फळातल्या बियाही सख्ख्या भावंडांसारख्या, प्रत्येकीचा चेहरा वेगळा.

म्हणूनच तिकडचे उत्पादक बियांची वंशावळ लिहून ठेवतात. 2012 मध्ये अमेरिकेतील रॉन वॉलेस यांचे फळ 2009 पौंड, म्हणजे सुमारे 911 किलो भरले. त्याच्या बिया '2009 वॉलेस' म्हणून ओळखल्या जातात. नोंदीत आधी आई, मग बाप. अशी नोंद नसलेले बी महाग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकार एका जनुकावर ठरत नाही. कृषी पदवीला शिकलेले 9:6:1 प्रमाण आठवत असेल: 9 चपटी, 6 गोल, 1 लांब. ते झुकिनीच्या जातकुळीतल्या भोपळ्याचे आहे. त्यात दोन वेगळ्या शुद्ध गोल वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी फळे चपटी येऊ शकतात! राक्षसी भोपळ्यात तर गुंता आणखी जास्त.

त्यात वजनाची भर. जोमाच्या काळात फळ दिवसाला 15-20 किलो वाढते आणि स्वतःच्या भारानेच खाली बसत जाते. त्यामुळे मूळ आकार जोखायचा तर मादी फूल उमलते त्या दिवशी अंडाशय बघा. फळ एका बाजूने चेपलेले असेल तर बियाण्याला दोष देण्याआधी परागीकरण अपुरे झाले का ते तपासा.

आता आपल्या शेतातले. आपला लाल भोपळा किंवा डांगर बहुधा 'मोशाटा' प्रजातीचा, देठ पाच धारांचा आणि फळाजवळ पसरट. राक्षसी भोपळा 'मॅक्सिमा', देठ गोल, जाड, बुचासारखा मऊ. या दोघांचा संकर सहसा साधत नाही. पण शेजारी मोशाटाचाच दुसरा वाण असेल तर मधमाश्या सर्रास भेसळ करतात. चांगले फळ बघून बी धरले, तरी पुढच्या वर्षी बाजारात न चालणारे सरमिसळ आकार येतात ते यामुळेच.

बी धरायचे असेल तर उद्या उमलणारी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या आज संध्याकाळीच दोऱ्याने बांधा. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडून नीट लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. देठाला चिठ्ठी अडकवून त्यावर आई, बाप आणि तारीख लिहा. काढणीनंतर प्रत्येक फळाचे बी वेगळ्या पाकिटात, चिठ्ठीसह ठेवा.